कॉम्पिटिशन टॅन: कोपरं, गुडघे आणि मंगळसूत्राची रेघ

मागच्या रविवारी माझी मॉडेल फिजिकची, म्हणजे बॉडीबिल्डिंगमधल्या मुलींच्या एका प्रकाराची, स्पर्धा झाली, आज गुरुवार, स्टेजसाठी अंगाला लावलेला गडद कलर, म्हणजे टॅन, मानेवर आणि पोटऱ्यांवर अजून थोडा शिल्लक आहे, तो पूर्ण जायच्या आत हे लिहून टाकते कारण नंतर बारीकसारीक गोष्टी विसरायला होतात. हा रिव्ह्यू आहे ठाण्यातल्या एका मुलीच्या टॅनिंग सर्व्हिसचा. ती घरातल्याच एका खोलीत मशीनने स्प्रे टॅन करते आणि स्पर्धेच्या दिवशी बॅकस्टेजला येऊन टचअप पण करून देते. फक्त ओळखीतून कामं घेते म्हणून नाव-नंबर इथे टाकत नाहीये, पण तिने काय केलं आणि कसं केलं ते सगळं सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही कलर करून घ्या, समोरचं माणूस काम नीट करतंय की नाही ते तुम्हाला कळेल.

आधी ज्यांना प्रश्न पडतो त्यांच्यासाठी. माझ्या सासूबाईंनी पण विचारलेलं, अगं आपण मुळात सावळ्या, त्यावर अजून काळं कशाला फासायचं. तर स्टेजवरचे लाईट इतके जोरात असतात की अंग एकदम फिकट आणि सपाट दिसतं, खांद्याची गोलाई, पोटावरच्या रेषा, मांडीचा कट, वर्षभर मोजूनमापून खाऊन कमावलेलं सगळं त्या उजेडात गायब होतं. कलर गडद असला की सावल्या धरतात आणि स्नायू उठून दिसतात. गोरी असो नाहीतर सावळी, सगळ्यांनाच लावावा लागतो. पण नुसता गडद असून भागत नाही, सगळीकडे सारखा पाहिजे, आणि तिथेच सगळं घोडं अडतं. पाठ, मांड्या, दंड हे सोपे असतात, तिथे कोणीही चांगलं करून देईल. कोपर, गुडघा, घोटा, काख, मान, हाताची बोटं, इथे कळतं कोणाचा हात बसलाय ते.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा उतरले तेव्हा ऑनलाईन कलरची एक बाटली मागवली होती, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक वापरण्यात पण होती. नवऱ्याने बाथरूममध्ये रात्री बारा वाजता स्पंजने लावून दिला, दोन तास उभा होता माझ्यामागे, दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची शिफ्ट असून. पाठ सुंदर झाली होती. पण सकाळी उजेडात बघते तर दोन्ही कोपरं काळीकुट्ट, गुडघ्यांवर ठिगळं, घोट्याभोवती चिखल वाळल्यासारखं, बोटांच्या सांध्यांवर रेघा, आणि काखेत चक्क हिरवट झाक. फोटो आले तेव्हा कंबरेवर हात ठेवलेली फ्रंट पोज, कंबर चांगली दिसत होती, बारा आठवड्यांचं डाएट त्या कंबरेत होतं, आणि बघणाऱ्याची नजर पहिली जाते ती कोपरावर. तो फोटो मी आईला पाठवलाच नाही. त्या दिवसापासून डोक्यात बसलं होतं की पुढच्या वेळी दुसरं काही झालं नाही तरी चालेल पण कलर नीट करायचा.

तर ह्या मुलीकडे गेले. पहिल्या भेटीत तिने मशीनला हातसुद्धा लावला नाही, नुसती स्किन बघितली, वीस-पंचवीस मिनिटं. हाताच्या आतल्या बाजूला एक ठिपका कलर लावून पॅच टेस्ट केली, म्हणाली ताई उद्यापर्यंत खाज किंवा लाली आली तर लगेच फोन करा. मग गेल्या वर्षीचे फोटो मागितले, झूम करून बघितले आणि विचारलं, कोपरावर किती वेळा लावलेला? मी म्हटलं तीनदा तरी, कारण रात्री तिथे फिका वाटत होता. तिने मान हलवली, म्हणाली तिथेच गडबड झाली.

मग तिने जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. ह्या कलरमधलं मुख्य द्रव्य असतं डीएचए, म्हणजे डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन, ही एक साधी साखरच आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात ज्या मेलेल्या पेशी असतात त्यांच्यातल्या प्रथिनांशी तिची क्रिया होते आणि तांबूस तपकिरी रंग तयार होतो, तव्यावर भाकरी तांबूस होते ना तीच जातकुळी, फक्त इथे आच लागत नाही. मी घरी येऊन अजून वाचलं तर १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला इव्हा विटगेनस्टाईन नावाच्या संशोधक लहान मुलांच्या एका आजारासाठी हेच द्रव्य पोटातून देऊन बघत होत्या, ते मुलांच्या अंगावर सांडलं की काही तासांनी तिथली कातडी तपकिरी व्हायची पण कपड्यावर मात्र डाग नाही. तिथून हे सगळं टॅनिंगचं सुरू झालं.

ह्यातून दोन गोष्टी निघतात आणि माझ्या मते सगळा खेळ ह्या दोनच गोष्टींचा आहे. एक म्हणजे कलर मेलेल्या पेशींना धरतो, म्हणजे जिथे हा थर जाड आणि कोरडा, कोपर, गुडघा, घोटा, टाच, बोटांचे सांधे, तिथे तो जास्त ओढला जातो आणि काळा पडतो, आणि जिथे जुना व्रण किंवा स्ट्रेच मार्क आहे तिथे नीट धरत नाही. दुसरं म्हणजे लावल्या लावल्या जो रंग दिसतो तो खरा नव्हेच, तो वरचा ब्राँझर, म्हणजे तात्पुरता रंग असतो, कुठे लागलं कुठे राहिलं हे दिसावं म्हणून घातलेला. डीएचएचा रंग दोन-चार तासांनी उमटायला लागतो आणि पुढे चढत राहतो. म्हणजे रात्री कोपर फिकं दिसतंय म्हणून परत परत लावलं तर सकाळी काय होणार ते ठरलेलंच.

तयारीसाठी तिने आठवडाभराचं वेळापत्रक दिलं. रोज अंघोळीला कोपर-गुडघे-घोटे ओल्या खरखरीत कापडाने घासायचे, दगडाने नाही, सोलवटून काढायचं नाही, हळूहळू. मी दिवाळीचं उरलेलं उटणं वापरलं, तिला विचारूनच, ती म्हणाली उटणं चालेल पण तेलात कालवू नका, पाण्यात कालवा. शेवटच्या दोन दिवसांत खोबरेल तेल पूर्ण बंद, अंगाला पण आणि केसांनापण, कारण केसांचं तेल कपाळावर आणि मानेवर उतरतं आणि तिथे कलर बसत नाही. वॅक्सिंग दोन दिवस आधी. टॅनच्या दिवशी डिओ नाही, परफ्यूम नाही, मॉइश्चरायझर नाही. गेल्या वर्षी काखेत हिरवट आलं ते डिओमुळे, हे तिने फोटो बघूनच ओळखलं.

आणि मंगळसूत्र. माझी मान उन्हाने रापलेली आहे, रोज डोंबिवली स्टेशन ते ऑफिस, पण मंगळसूत्राखालची रेघ फिकी, आणि ती रेघ गेल्या वर्षी स्टेजवरच्या फोटोत पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसत होती. ती म्हणाली आठ दिवस आधी काढून ठेवता आलं तर बघा, बांगड्या आणि जोडवी पण. मला वाटलं घरी ह्यावरून काहीतरी बोलणं होणार. सासूबाईंनी ऐकून घेतलं, आतून कुंकवाची जुनी डबी आणली, त्यात मंगळसूत्र ठेवलं आणि डबी देवघरात ठेवून दिली, म्हणाल्या रविवारी रात्री घाल. बस्स, एवढंच.

आता प्रत्यक्ष काम. शनिवारी दुपारी चार वाजता गेले, खोलीत जमिनीवर जुन्या चादरी, एक उघडणारा-मिटणारा काळा तंबू, वर एक्झॉस्ट फॅन. आधी तिने मला नाकात घालायचे छोटे फिल्टर दिले, डोळ्यांवर चिकटवायची झाकणं, ओठांना बाम, आणि चेहऱ्यावर स्प्रे करताना श्वास रोखायला सांगितला. हे मला फार आवडलं कारण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने पण डीएचए फक्त बाहेरून लावायला मान्य केलंय, डोळे-ओठ-नाकाच्या आत जाऊ नये आणि श्वासावाटे आत जाऊ नये असं स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे बॅकस्टेजला कोणी ह्याची पर्वा करताना मी बघितलेलं नाही. दहा मुली शाळेच्या एका वर्गात उभ्या आणि मशीन चालू, असंच असतं.

मग कलर जास्त धरू नये म्हणून तिने क्रीम काढलं आणि तळहात, नखं, बोटांचे सांधे, तळपायाच्या कडा, टाचा, घोट्याचं हाड ह्या सगळ्यांवर अगदी पुसट लावलं. कोपर आणि गुडघ्यावर पण लावलं पण लावून लगेच टिश्यूने टिपून घेतलं, म्हणजे नावालाच उरलं. म्हणाली जास्त राहिलं तर तिथे गोल पांढरं पडेल, ते काळ्यापेक्षा वाईट.

स्प्रे करताना नोझल अंगापासून वीतभर लांब आणि हात सतत हलता, कुठेच थांबत नाही. पहिला हात पाठीपासून सुरू केला, मग पाय, पोट, दंड. कोपर आणि गुडघे तिने मुद्दाम वगळले. मला वाटलं विसरली. सगळं अंग झाल्यावर म्हणाली, ताई आता हात कोपरात दुमडा, पूर्ण. दुमडल्यावर कोपराच्या सगळ्या सुरकुत्या उघडल्या, तेव्हा तिने लांबून, दीड वीत तरी असेल, एकच फवारा फिरवला, एकच, आणि लगेच स्पंजने कोपरापासून बाहेरच्या बाजूला ओढून मिसळून टाकला. मग हात सरळ केला आणि परत मिसळला. इतका कमी कलर होता की मी विचारलं एवढंच? म्हणाली एवढंच, बाकीचं ते स्वतः ओढून घेतं. गुडघे तसेच, थोडे वाकवून, पूर्ण खाली बसवलं नाही कारण मग मागच्या घड्या मिटतात आणि तिथे उभ्या रेघा येतात. घोट्यासाठी मला एका स्टुलावर चढवलं आणि टाच उचलायला लावली, कारण पायाची मागची शीर आणि हाड ह्यांच्यामधला खड्डा जमिनीवर उभं राहिलं की दिसतच नाही.

काखेला सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन्ही हात डोक्यावर, स्प्रे, आणि मग पंखा लावून पाच-सहा मिनिटं तसंच उभं. ताई हात खाली आणू नका हां, असं ती चार वेळा म्हणाली असेल. डाएटच्या शेवटच्या आठवड्यात हात वर धरून उभं राहणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल, खांदे भरून येतात, पण हात लवकर खाली आला की ओलं कातडं ओल्या कातड्याला चिकटतं आणि पट्टा पडतो. छातीखाली, पार्श्वभागाच्या खालच्या घडीत पण हेच, घडी उघडायची, फवारा, वाळवायचं, मगच सोडायचं. ती मुलगी असल्यामुळे आणि बोलत बोलत काम करत असल्यामुळे मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हातांसाठी पंजा वाघनखासारखा करायला लावला, बोटं ताठ पण वाकडी, त्यामुळे सांधे ताणले जातात. उरलेल्या स्पंजनेच हाताची पाठ केली, नवीन कलर घेतलाच नाही.

मान हे तिचं खरं कौशल्य. आठ दिवसांत रेघ पुसट झाली होती पण होती. तिने नोझल बारीक केला, आधी फक्त त्या रेघेवर एक हलका हात, वाळवला, मग हनुवटी वर करून पूर्ण मान, मग कानामागे, कानाच्या पाळ्या, केसांच्या कडेने स्पंज. परकराच्या नाडीचा कंबरेवरचा काळा पट्टा होता, लग्नकार्यात साड्या नेसून नेसून झालेला, तिथे उलट केलं, बाकी अंगाला दोन हात आणि त्या पट्ट्यावर एकच.

स्ट्रेच मार्क्सबद्दल तिने आधीच खरं सांगितलं. मुलाच्या वेळचे पोटाच्या दोन्ही बाजूंना आहेत माझ्या. म्हणाली इथे डीएचए नीट धरणार नाही, मी ब्रशने ब्राँझर भरू शकते पण तो पुसला जातो, आणि आयएफबीबी ह्या आंतरराष्ट्रीय बॉडीबिल्डिंग संघटनेच्या नियमात हाताने पुसून निघणारा कलर चालत नाही, बॅकस्टेजला पुसायला लावतात. मग आम्ही ठरवलं की तिथे तिसरा हात फक्त डीएचएचा द्यायचा आणि जेवढं झाकेल तेवढं झाकेल. पुष्कळ झाकलं. जवळून बघितलं तर दिसतात, स्टेजवरून नाही. मला कोणीतरी खोटं आश्वासन देण्यापेक्षा हे बरं वाटलं.

रात्रीच्या सूचना: सैल काळी मॅक्सी, आतले कपडे नाहीत, जुन्या चादरीवर पाठीवर झोपायचं, हात अंगापासून लांब. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, बाथरूमला जाताना कागदी ग्लास वापरायचा म्हणजे मांड्यांवर शिंतोडे उडून पांढरे ओघळ येत नाहीत, आणि हात धुताना फक्त तळहात. मी रात्री दोनदा उठून पंख्याखाली बसले कारण मार्चमधली मुंबईची हवा, घाम यायचाच. सकाळी उठल्यावर आरशासमोर जायच्या आधी मी कोपर वळवून बघितलं. दंडाचा रंग आणि कोपराचा रंग एकच होता. बाहेर उजेडात जाऊन परत बघितलं. एकच. नवऱ्याला उठवून दाखवलं, तो कोपर धरून बराच वेळ बघत बसला.

रविवारी मैदानात मांडव, बॅकस्टेज म्हणजे शेजारच्या शाळेचे वर्ग, आमची कॅटेगरी सातची सांगून साडेनऊला लागली. एवढ्या वेळात घामाने गुडघ्यामागे आणि काखेत थोडे ओघळ आलेच. तिने टिश्यू नुसता दाबून घाम टिपला, घासला नाही, आणि स्पंजने तेवढाच भाग परत केला. माझ्या बाजूची एक मुलगी टॉवेलने पुसत होती, तिला पण ही जाऊन म्हणाली अगं घासू नकोस, आणि तिचा दंड नीट करून दिला, पैसे न घेता. अशी माणसं लागतात ह्या क्षेत्रात.

आता जे आवडलं नाही ते. चेहरा अंगापेक्षा जरा जास्त गडद झाला, मेकअप करणारीला जुळवायला त्रास झाला, चेहऱ्याला एक हात कमी चालला असता, तिला सांगितलंय. खोली लहान आहे आणि एक्झॉस्ट फॅन असूनही वास कोंडतो, तिने मास्क लावलेला पण दिवसभर असं काम करताना तिच्यासाठी तरी हवा जास्त खेळती पाहिजे, हे मी तिला काळजीने बोलले. डाव्या पायाच्या करंगळीजवळ क्रीम जास्त राहून एक फिकट ठिपका आला. शनिवारचे अडीच तास आणि दोन्ही दिवस मिळून मी साडेतीन हजार दिले. ज्या मुली नोकरी करत नाहीत आणि सप्लिमेंटचा खर्चच कसातरी भागवतात त्यांना हे जड आहे हे मला माहीत आहे. तिने मला सांगितलं की दोघी एकत्र आल्या तर ती कमी करते, तेव्हा जिममधली पार्टनर असेल तर बोलून बघा. आणि पैसे कमीच असतील तर बाटली घरी लावा, पण कोपर-गुडघे शेवटी, हाताला जो कलर उरेल त्यानेच, आणि नंतर फिकं वाटलं तरी हात लावू नका.

कलर उतरताना पण सगळीकडे सारखा उतरत नाही. वरचा थर झडतो तसा रंग जातो, साधारण आठवडाभर. घासल्या जाणाऱ्या जागा आधी, काख दुसऱ्या दिवशीच साफ झाली, मान आणि पोटऱ्या अजून धरून आहेत. मी आता खोबरेल तेल चोळून अर्ध्या तासाने कोमट पाण्याने आणि कापडाने घासते, रोज थोडं थोडं. ऑफिसला फुल बाह्यांचे ड्रेस. उन्हात जाताना सनस्क्रीन लावाच, हा कलर उन्हापासून पुरेसं वाचवत नाही, रंग गडद दिसला म्हणून फसू नका.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा चेहऱ्याचा आणि खोलीचा. मेमध्ये पुढची स्पर्धा आहे, तिची तारीख मी आत्ताच घेऊन ठेवलीये. तुम्ही कोणाकडेही जाणार असाल तर आठवड्याआधी स्किन दाखवायला जा, गेल्या वेळचे फोटो सोबत न्या, आणि त्या दिवशी घरून निघताना अंगाला काहीही लावू नका, तेलाचा एक थेंबसुद्धा नाही.